पुढच्या वर्षीचा अंगठा

डिसेंबर सरत आला, स्टाफरूममधला हीटर लागला, की आमच्या मॅडम आपला उजवा हात शालीतून बाहेर काढायच्या आणि मूठ घट्ट मिटून सगळ्यांसमोर धरायच्या. "हे वर्ष तर गेलं समजा," म्हणायच्या. "आता पुढचं ऐकून घ्या."

आणि एकेक बोट उघडायला लागायच्या.

प्रत्येक बोट म्हणजे पुढच्या वर्षी येणारा एक सिनेमा. करंगळी हसण्याचा. तिच्या शेजारचं बोट लग्नाचा आणि रडण्याचा, कारण अंगठी तिथे असते. मधलं बोट हाणामारीचा, दक्षिणेकडून हिंदीत डब होऊन येणारा. तर्जनी भुताचा, कारण लहानपणी त्यांच्या आईने याच बोटाने घाबरवलं होतं. आणि अंगठा म्हणजे वर्षातला सगळ्यात मोठा, ज्याच्यासाठी सगळं वर्ष काढायचं, तो. अंगठा उघडायच्या आधी त्या चहा प्यायच्या. चहा संपेपर्यंत कोणी स्टाफरूममधून हलत नसे.

ग्वाल्हेरच्या आमच्या शाळेत त्या भूगोल शिकवत आणि मी गणित. शाळेत मी त्यांना मॅडम म्हणायची आणि दर्पण कॉलनीतल्या त्यांच्या घरी गेले की काकू. बाकीचा स्टाफ हिंदी बोलणारा. पण अंगठ्याची भाषा सगळ्यांना कळायची. विज्ञानाचे तोमर सर नोव्हेंबरपासूनच मागे लागायचे, "मैडम, इस बार अंगूठा कौन सा है?" आमच्या प्राचार्य बाईंना हा प्रकार मुळीच पसंत नव्हता. त्यांनी एकदा बोलावून तसं सांगितलंही होतं. पण अंगठ्याच्या दिवशी प्राचार्य बाई स्वतः कसलीशी सूचना घेऊन दारात यायच्या आणि चहाचा कप खाली ठेवला जाईपर्यंत तिथेच उभ्या राहायच्या.

तुमच्याही ओळखीत सिनेमावेडी माणसं असतील. पण ती बहुधा पाहिलेल्या सिनेमांची वेडी असतात. आमच्या मॅडमना आलेल्या सिनेमात फारसा रस नसे. "आलेला तर कोणीही बघतो," त्या म्हणायच्या. त्यांचं प्रेम न आलेल्यांवर. ट्रेलर दोन मिनिटांचा असेल, तर त्यावरून त्या दोन तासिकांची गोष्ट सांगायच्या. कोण कोणाचा मुलगा, आई का रडते, गाडी कशी उलटते, सगळं.

एका वर्षी अंगठ्यात एक हरवलेला भाऊ होता. ट्रेलरमध्ये पावसात पाठमोरा उभा असलेला एक माणूस दिसत होता, त्यावरून मॅडमनी भाऊ ओळखला होता. लहानपणी जत्रेत सुटलेला, वाईट संगतीत वाढलेला, शेवटी आईसमोर पिस्तूल टाकणारा. त्यांनी ती गोष्ट अशी सांगितली, की संस्कृतच्या बाईंनी पदराला डोळे पुसले. सिनेमा लागला तेव्हा आम्ही सगळे गेलो. त्यात भाऊ नव्हताच. पावसातला माणूस टॅक्सीवाला निघाला. मध्यंतराच्या वेळी तोमर सर मागे वळून विचारू लागले, "मैडम, भाई कहाँ गया?" मॅडमचा चेहरा जरासुद्धा पडला नाही. "यांनी चुकवून टाकलं," त्या म्हणाल्या. "इतका चांगला भाऊ होता."

खरं सांगते, आम्हाला त्यांचाच सिनेमा जास्त आवडला होता.

अशा बाईचा नवरा मात्र सिनेमाच्या वाऱ्यालाही उभा राहत नसे. काका वीज खात्यातून निवृत्त झालेले, सरळ, कमी बोलणारे. लग्नानंतर एकदा मॅडम त्यांना थिएटरात घेऊन गेल्या होत्या. तिथे ते पहिल्या गाण्याला झोपले आणि शेवटच्या गाण्याला जागे झाले. मग त्यांनी सांगून दिलं, की तू स्वतः पडद्यावर येशील तेव्हा मी येईन, तोपर्यंत तुझं तू बघून घे. मॅडमनी ते वाक्य कित्येक वर्षं हसत हसत सगळ्यांना सांगितलं.

आणि मग एका हिवाळ्यात शहरात शूटिंगवाले आले.

हिंदी सिनेमा होता, पण त्यात ग्वाल्हेरच्या मराठी घरातलं एक लग्न होतं. पंगतीच्या दृश्यासाठी त्यांना नऊवारी नेसता येणाऱ्या बायका हव्या होत्या. आमच्या गणेशोत्सवातल्या कोणाच्या तरी ओळखीने निरोप फिरला आणि मॅडमनी माझंही नाव देऊन टाकलं. मी नाही म्हणत होते. त्या म्हणाल्या, "गर्दीत उभंच तर राहायचं आहे. तू बँकेत उभी राहतेस, दवाखान्यात उभी राहतेस, तिथे काय वेगळं करतेस?"

नथ आणि हिरव्या बांगड्या घ्यायला आम्ही टोपी बाजारात गेलो. दुकानदाराने विचारलं, घरात कोणाची शादी आहे. मॅडम म्हणाल्या, घरात नाही, सिनेमात. त्याने गल्ल्यावरून उठून आम्हाला बसायला स्टूल दिलं आणि सिनेमा कधी येणार ते विचारलं. "पुढच्या वर्षी," मॅडम म्हणाल्या. हे दोन शब्द त्यांनी आयुष्यभर म्हटले होते. त्या दिवशी मात्र त्या ते म्हणताना लाजल्या.

शूटिंग एका मॅरेज गार्डनमध्ये होतं. आम्हाला सकाळी बोलावलं आणि दुपारपर्यंत नुसतं बसवून ठेवलं. मॅडम मात्र एका जागी बसल्या नाहीत. केळीच्या पानावर मीठ कुठल्या बाजूला वाढतात, हे त्यांनी सेटवरच्या मुलांना दाखवलं. नवऱ्या मुलीच्या आईचं काम करणाऱ्या बाईंचा पदर नीट करून दिला. मग दिग्दर्शकाच्या मनात आलं, की पंगतीत कोणीतरी एक वाक्य बोलावं. कागदावर लिहिलेलं वाक्य होतं, पंगत खोळंबली आहे, जिलबी आणा. मॅडमनी ते एकदा वाचलं आणि विचारलं, "असं कोण बोलतं?"

आपण बोलतो तसं बोला, दिग्दर्शक म्हणाला.

मग मॅडमनी कमरेला हात लावला, मान वळवली आणि आमच्या ग्वाल्हेरच्या मराठीत म्हटलं, "अहो, जलेबी आणून द्या ना, लोकं बसून राहिले आहेत."

तो माणूस खुर्चीत मागे रेलून हसला. म्हणाला, यही चाहिए था. दुसऱ्यांदा घेतलंही नाही.

त्या डिसेंबरात मूठ उघडायची गरजच उरली नाही. मॅडम आल्या आणि त्यांनी सरळ अंगठाच वर केला. उरलेली चार बोटं त्यांनी त्या वर्षी उघडलीच नाहीत. पुढचे कित्येक दिवस स्टाफरूममध्ये जलेबीचं वाक्य निरनिराळ्या प्रकारे होत होतं. रागावून, लाडाने, घाईत. तोमर सर चपराशाकडून चहा मागवतानासुद्धा "लोकं बसून राहिले आहेत" म्हणायला शिकले.

घरी मात्र एक वेगळीच गोष्ट चालली होती. काकांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता आणि उजवा फारच पिकला होता. डॉक्टर म्हणत होते, आता आणखी थांबलात तर अवघड होईल. पण काकांना ऑपरेशनची भीती होती आणि ती कबूल करायची त्याहून जास्त भीती होती. मॅडमनी मनाशी हिशेब केला. सिनेमा उन्हाळ्यात येणार, तेव्हा त्यांनी काकांना सांगितलं, की तुम्ही शब्द दिला आहे, यायचं तर दिसलं पाहिजे. फेब्रुवारीत डोळा करून घेऊ.

काका म्हणाले, "सिनेमा आधी येऊ तर दे."

सिनेमा आला नाही. उन्हाळ्याचा दिवाळीवर गेला. काका आरामखुर्चीत बसून म्हणाले, बघ, फालतूमध्येच डोळा कापला असता. दिवाळी जवळ आली तशी मॅडमनी पुन्हा डॉक्टरांची वेळ घेतली आणि सिनेमा पुन्हा सरकला. या वेळी तारीखच सांगितली नाही. मॅडम मुंबईतल्या कोण्या निर्मात्यावर जेवढ्या चिडल्या नाहीत, तेवढ्या काकांच्या चेहऱ्यावरच्या समाधानावर चिडल्या. "हे आतून त्या मुंबईवाल्यांना मिळालेले आहेत," त्या मला म्हणाल्या. टोपी बाजारातून जावं तर तो दुकानदार हाक मारून विचारायचा, "आई नहीं अभी आपकी पिक्चर?" शेवटी त्यांनी तो रस्ताच सोडला.

त्या काळात मी त्यांच्या घरी गेले, की काका पेपर नाकाला लावून बसलेले असत. मॅडम स्वयंपाकघरातून मोठ्याने बातम्या विचारत, आणि काका मथळे वाचल्यासारखं करून पूर्वीच्याच कुठल्या तरी बातम्या सांगत. मॅडमना ते कळत होतं. एकदा त्यांनी मला फाटकापर्यंत पोचवताना हळूच सांगितलं, की सिनेमाचं काय गं, नाही आला तर नाही आला. पण हे सिनेमाच्या नावावर थांबून राहिले आहेत, आणि डोळा कोणासाठी थांबत नाही. हे बोलताना मी त्यांना पहिल्यांदाच न हसताना पाहिलं.

दुसरा डिसेंबर आला. मॅडमनी पुन्हा तोच अंगठा वर केला. एकच अंगठा दोन वर्षं कसा चालेल, अशी हरकत चक्क प्राचार्यांनी घेतली. मॅडम म्हणाल्या, "नापास झाला आहे. त्याच वर्गात बसेल."

आणि त्याच आठवड्यात तारीख जाहीर झाली. जानेवारीचा शेवटचा शुक्रवार. पोस्टरवर छापून आली.

दुसऱ्या दिवशी सकाळी काका चहा पिऊन उठले, स्वेटर घातलं, मफलर बांधला आणि म्हणाले, आज जेवायला उशीर होईल, डोळ्याचं करून घेऊ. वेळ त्यांनी स्वतःच फोन करून घेतली होती. मॅडमच्या हातातली कणीक तशीच राहिली. ऑपरेशन नीट झालं. हिरव्या पट्टीमागून काका घरी येताच पहिलं काय बोलले असतील, तर "सरकला तर नाही ना?"

आता घाबरायची पाळी मॅडमची होती. पुढचे सगळे दिवस त्या रोज सकाळी फोनवर बातम्या बघायच्या, मग मला फोन करून बघायला लावायच्या. शुक्रवारी सकाळी थिएटरच्या काचेत पोस्टर डोळ्यांनी दिसलं, तेव्हा कुठे त्यांनी श्वास सोडला. पोस्टरवर त्या नव्हत्या, पण त्यांनी पोस्टरसमोर उभं राहून फोटो काढला, जणू घरचंच कार्य.

थिएटरात आमच्या दोन ओळी होत्या. स्टाफ, दर्पण कॉलनीतले शेजारी, हरिशंकरपुरममधून माझ्या सासूबाई. काका काळा चष्मा लावून मधोमध बसले होते. सिनेमा सुरू होताच त्यांनी चष्मा काढला आणि पडद्याकडे असे बघायला लागले, जणू आता कोणी तरी त्यांची परीक्षा घेणार आहे.

लग्न आलं. पंगत आली. माझं कोपर आलं आणि गेलं. मग पडदाभर मॅडम आल्या. हिरवी नऊवारी, नथ, कमरेवर हात. आमच्या दोन ओळींनी शिट्ट्या मारल्या, संस्कृतच्या बाईंनीसुद्धा. मॅडमनी मान वळवली, तोंड उघडलं, आणि एक पातळ, इस्त्री केलेला आवाज आला, "अहो, पंगत खोळंबलीये, जिलबी आणा ना."

तोंड त्यांचं होतं. आवाज दुसऱ्याच कोणाचा तरी होता. वाक्यही कागदावरचंच.

आमच्या शिट्ट्या मध्येच थांबल्या. दृश्य पुढे गेलं, पडद्यावर सगळे जेवायलाही लागले. मी मॅडमकडे बघितलं. त्या हसऱ्या चेहऱ्यानेच बसल्या होत्या, फक्त तो चेहरा आता हलत नव्हता.

तेवढ्यात काका उभे राहिले.

"ही ती नाही," ते म्हणाले. मग आपण कुठे आहोत ते लक्षात येऊन त्यांनी सगळ्या थिएटरला हिंदीत समजावलं, "शकल इनकी है, आवाज़ किसी और की है." मागून कोणी तरी म्हणालं, अंकल, बैठ जाइए. मॅडमनी स्वेटर ओढून त्यांना खाली बसवलं.

मध्यंतर झालं. दिवे लागले. मॅडमच्या मांडीवरचा पॉपकॉर्न तसाच होता. मॅडम आम्हालाच समजवायला लागल्या, की मुंबईत असंच करतात, आवाज मागाहून भरतात, त्यात काय एवढं, दिसले तर ना मी.

काका त्यांच्याकडे वळले. "तू म्हण."

"काय म्हणू?"

"तुझं वाक्य. डोळा तर करून घेतला मी. आता कान तसेच घेऊन घरी जाऊ का?"

त्या नाही म्हणाल्या. लोकं बघताहेत म्हणाल्या. पण लोकं खरंच बघत होते. काकांच्या भाषणामुळे आमच्या दोन ओळींचं प्रकरण सगळ्या थिएटरला कळलं होतं. मागच्या ओळीतल्या कॉलेजच्या एका मुलीने वाकून म्हटलं, आंटी, बोल दीजिए ना. मग तोमर सर, मग प्राचार्य. हो, प्राचार्यही. त्या म्हणाल्या, मैडम, समय कम है.

मॅडम उठल्या. मांडीवरचा पॉपकॉर्न काकांकडे दिला. शाल काढून ठेवली, कमरेवर हात ठेवला, मान वळवली, आणि वर्गात शेवटच्या बाकाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "अहो, जलेबी आणून द्या ना, लोकं बसून राहिले आहेत."

मग अगदी वरच्या रांगेतून, कोण जाणे कोण, एका अनोळखी गृहस्थांचं मराठीतून उत्तर आलं, "आणतो काकू, बसवून ठेवा त्यांना."

त्यानंतर जे झालं ते मला नीट सांगता येणार नाही. थिएटर फुटलं. कोणी टाळ्या वाजवत होतं, कोणी जलेबी, जलेबी म्हणत होतं. मॅडम इतक्या हसल्या, की त्यांना समोरच्या खुर्चीला धरावं लागलं. काका खाली बसून डावा हात पॉपकॉर्नवर आणि उजवा हात डोळ्यावर ठेवून होते. डॉक्टरांनी डोळ्यात बाहेरचं पाणी जाऊ द्यायचं नाही म्हणून बजावलं होतं. आतून आलं तर काय करायचं, ते सांगितलं नव्हतं.

मध्यंतरानंतरचा सिनेमा काकांनी फार मन लावून पाहिला. झोपले नाहीत. हा कोण, तो का पळतो, असं शेवटपर्यंत विचारत राहिले. बाहेर आल्यावर काळा चष्मा लावता लावता त्यांनी मॅडमना विचारलं, "पुढचा कोणता?"

मॅडम मला म्हणाल्या, "आता माझं काही खरं नाही."

आणि तसंच झालं. दुसरा डोळा त्यांनी कोणाच्याही सांगण्याची वाट न बघता करून घेतला. मग शुक्रवार आला की काकाच आधी तयार होऊन बसायला लागले. त्यांना भुताचे आवडतात, हे त्यांचं त्यांनाही माहीत नव्हतं.

एप्रिलमध्ये मॅडम निवृत्त झाल्या. मुलगी भोपाळला, तिचं बाळ लहान, म्हणून दोघांनी तिकडेच राहायचं ठरवलं. दर्पण कॉलनीतलं घर रिकामं व्हायला लागलं. मी मदतीला जायची. आता मॅडमशिवाय डिसेंबर येतो, स्टाफरूममध्ये हीटर लागतो, चहा येतो, आणि आम्ही सगळे एकमेकांना फोनमधले ट्रेलर दाखवतो. सगळ्यांना ट्रेलर अगदी ट्रेलरएवढेच दिसतात.

ज्या दिवशी त्यांना जायचं होतं, त्या दिवशी सकाळी सामानाचा ट्रक भरला. कपाटं, पलंग, काकांची आरामखुर्ची, सगळं बांधून ट्रक भोपाळला निघाला. दोघांची गाडी संध्याकाळची होती. मी म्हटलं, चला माझ्याकडे, जेवून थोडं पडा. दोघांनी एकमेकांकडे बघितलं. काका म्हणाले, "बात अशी आहे, की आज शुक्रवार आहे."

मग आम्ही थिएटरवर गेलो. हातात एक बॅग, मेथीच्या पराठ्यांचा डबा, लोणच्याची बरणी, आणि तेलाच्या डब्यात लावलेला कढीपत्ता, जो मॅडमनी ट्रकमध्ये मरेल म्हणून जवळ ठेवला होता. दारावरच्या गार्डने बॅग तपासली, डबा बाजूला काढला, बरणी बाजूला काढली आणि मग कढीपत्त्याकडे बराच वेळ बघून म्हणाला, मैडम, पौधा अंदर नहीं जाएगा.

मॅडमनी ते सगळं माझ्या हातात दिलं. सांगितलं, तू बैस इथे, आम्ही आलोच. घराला कुलूप होतं, संसार रस्त्यावर कुठे तरी डबरा गावाच्या पुढे गेला असेल, आणि दोघं भर दुपारी सिनेमाला निघाले होते. आत जाहिराती सुरू झाल्याचा आवाज आला, तशी मॅडमनी घाई केली. काका त्यांच्या एक पाऊल पुढे होते. दार बंद होता होता मला दिसलं, की त्यांनी हात मागे केला आहे, आणि ऐकू आलं, की ते त्या अंधारात म्हणताहेत, "सांभाळून ये. इथे पायरी आहे."